पुणे मराठाज : एका हंगामाचे विजेते

भारताच्या नावाने अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग खेळली गेली आणि तिचे पहिले विजेतेपद पुण्याच्या संघाने पटकावले, ही बाब आज फारशी कुणाच्या स्मरणात नाही. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’च्या २०१२ मधील पहिल्या हंगामात पुणे मराठाज संघाने अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सचा ६-० असा पराभव केला होता.

या लीगची घोषणा ऑगस्ट २०११ मध्ये झाली. पहिल्या हंगामासाठी आठ संघ निश्चित करण्यात आले. त्यांत पुणे व दिल्लीसह मुंबई ग्लॅडिएटर्स, बंगळुरू वॉरहॉक्स, कोलकाता व्हायपर्स आणि श्रीलंकेतील कोलंबो लायन्स यांचा समावेश होता. ‘शिकागो बेअर्स’चे माजी प्रशिक्षक माइक डिटका, विख्यात क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, भारतीय वंशाचे खेळाडू ब्रँडन चिल्लर आणि अभिनेते मार्क वॉलबर्ग हे लीगच्या गुंतवणूकदारांत होते. सामन्यांचे प्रक्षेपण ‘टेन स्पोर्ट्स’ वाहिनीवरून झाले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. दोन्ही गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड असते. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू अखेरच्या पट्ट्यात नेला की ‘टचडाउन’चे सहा गुण आणि जादा गुणाची एक संधी मिळते. चेंडू लाथेने गोलखांबांमधून पार केल्यास तीन गुण मिळतात. म्हणजेच पुण्याने विजेतेपद मिळवले ते केवळ एका टचडाउनइतक्या फरकाने. यावरून त्या सामन्यात बचावाचे पारडे किती जड होते, हे लक्षात येते.

लीगमधील अनेक खेळाडू रग्बी, अ‍ॅथलेटिक्स यांसारख्या खेळांतून आले होते. शिरस्त्राण, खांद्यावरील कवच आणि डावपेचांची सांकेतिक भाषा त्यांच्यासाठी सर्वस्वी नवी होती. त्यांच्या पाठीशी शालेय स्पर्धा नव्हत्या, जिल्हा संघटना नव्हत्या आणि नियम जाणणारा प्रेक्षकही नव्हता. पहिल्या हंगामानंतर लीगला नियमित स्पर्धेचे सातत्य राखता आले नाही. पुणे मराठाजचे विजेतेपद त्या एका हंगामापुरतेच राहिले.

दोन वर्षांनी, २६ जुलै २०१४ रोजी, प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिथेही आठच संघ होते आणि पुण्याचा संघही होता. मात्र तिच्या मागे गावोगावची मैदाने, मंडळे आणि खेळाची जाण असलेला प्रेक्षक होता. ही लीग टिकली. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. नामवंत गुंतवणूकदार आणि दूरचित्रवाणी यांच्या बळावर लीग उभी राहू शकते. ती टिकवण्यासाठी मात्र खेळाची मुळे त्या मातीत असावी लागतात, हे या दोन अनुभवांतून दिसते.

अमेरिकन फुटबॉलसाठी आता वेगळी वाट खुली होत आहे. शरीरधडकेविना, प्रत्येकी पाच खेळाडूंनी खेळला जाणारा ‘फ्लॅग फुटबॉल’ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला आहे. त्याला शिरस्त्राण किंवा महागडे कवच लागत नाही. शाळेच्या मैदानावरही तो खेळता येतो. आणि पुणे मराठाजच्या पिढीला नेमके तेच मैदान मिळाले नव्हते.