रेडा नव्हे, चढाईपटू

मैंदर्गीत कबड्डीचा सामना रंगला की मैदानाच्या एका अंगाला ‘धर, धर’ असा ओरडा उठतो आणि दुसऱ्या अंगाला ‘हिडी, हिडी’. अर्थ एकच. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की इथे गडी पकडायचा तोही दोन भाषांत. मात्र एका बाबतीत दोन्ही भाषांतल्या जाणत्यांचं एकमत आहे. अंगानं थोराड पोरगा चढाईला गेला, दोघातिघांना अंगावर घेऊन फरफटत मध्यरेषेला भिडला, की टाळ्या पडतात आणि मागच्या ओळीतून शेरा येतो : ‘रेडा आहे नुसता. ह्यात कबड्डी कुठाय?’

शेरा मैंदर्गीपुरता असता तर सोडून दिला असता. पण शहाणीसुरती माणसंही हेच बोलतात, म्हणून हा प्रपंच.

आधी प्रतिपक्षाची बाजू पुरती मांडू. ते म्हणतात, कबड्डी हा मुळात न सापडण्याचा खेळ आहे. अनुप कुमारनं चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोनस घ्यावा. प्रदीप नरवालनं साखळीच्या हाताखालून डुबकी मारून निसटावं आणि २०१७च्या प्रो कबड्डी हंगामात चढाईचे ३६९ गुण करावेत. ह्याला कला म्हणतात. पकडीत सापडून मग बळानं सुटणं म्हणजे आधी चूक करून ती दांडगाईनं निस्तरणं. शिवाय असा गडी टिकत नाही. सिद्धार्थ देसाईचं पाहा, दोन हंगाम गाजला आणि दुखापतीनं बसला. युक्तिवाद कच्चा नाही. अनुप कुमारवर माझाही जीव आहे. पण निष्कर्ष चुकला आहे.

पहिला आधार नियमपुस्तकाचा. चढाईपटू धरला गेला म्हणजे बाद झाला, असं नियम कुठे म्हणतो? दम न सोडता त्याच्या शरीराचा कोणताही भाग मध्यरेषेला लागला, तर झटापटीत त्याला ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे बाद. स्पर्श झाल्यावर बाजूच्या राखीव पट्ट्याही खेळात येतात, मैदान रुंदावतं. म्हणजे नियमकर्त्यांनी झटापटीला खेळाचा दुसरा अंक मानलं आहे आणि त्यासाठी रंगमंचही मोठा करून दिला आहे. आणि ताकदीला खेळात जागाच नसती, तर पुरुष गटात ८५ किलोंची मर्यादा घालायचं कारण काय? निरुपयोगी गोष्टीवर कोणी मर्यादा घालत नाही.

आता मुख्य मुद्दा. ताकदीची चढाई म्हणजे ‘ओढत नेणं’, हा समज दुरून पाहणाऱ्यांचा आहे. जवळ बसा. फक्कीच्या रेघेपासून हातभर अंतरावर बसा आणि गड्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या कमरेकडे पाहा. चढाईत ओलांडावी लागणारी निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. पूर्ण उंचीचा गडी हात लांबवून पालथा पडला की दोन मीटरहून जास्त अंतर त्या एका झेपेत संपतं. मग भांडण उरतं ते फार तर दीड-पावणेदोन मीटरचं. तिघांना चार मीटर ओढायचं काम बैलाचं असेल. ही दोन पावलं कोणत्या क्षणी, कोणत्या कोनात काढायची हे काम डोक्याचं आहे. नवखा पोरगा घोटा धरला गेला की धरलेला पाय ओढत बसतो. तेवढ्यात दुसरा मांडीला येतो, तिसरा कमरेला, आणि खेळ संपतो. जाणता गडी त्या पायाकडे पाहतही नाही. तो कंबर मध्यरेषेकडे वळवतो, वजन मोकळ्या पायावर टाकतो आणि साखळी पुरी जुळायच्या आत पडतो. पुष्कळदा तर तो पाय त्यानंच देऊ केलेला असतो. एका कोपरारक्षकानं मोहात पडावं, बाकीच्यांनी मदतीला धावावं आणि धावणारा प्रत्येक जण आपल्या हिशेबात जमा व्हावा. ह्याला चूक म्हणायची? हा तर सापळा झाला.

गंमत अशी, की हेच जाणते जत्रेच्या फडात कुस्तीला बसले की कलाजंग डावावर फेटे उडवतात. तिथे बळ आणि डाव वेगळे काढता येत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मातीतून उठून कबड्डीच्या रेघेशी आले की मात्र ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ ही म्हण आठवते. म्हण खरी आहे. लागू चुकीच्या ठिकाणी केली आहे.

सिद्धार्थ देसाईच्या साक्षीकडे वळू, कारण ती प्रतिपक्षानंच काढली. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा शेतकऱ्याचा मुलगा. २०१८ला प्रो कबड्डीतल्या यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले, पुन्हा २१७. पहिलं वर्ष नवलाईचं म्हणता येईल, सगळ्यांनी अभ्यास करून आखलेल्या पकडींपुढचं दुसरं वर्ष कसं म्हणणार? नुसता रेडा दुसऱ्या वर्षी खुंट्याला बांधला गेला असता. टायटन्स त्या हंगामात तळाकडे राहिले, हे कबूल. एकट्या चढाईपटूनं संघ जिंकत नाही, डुबकीवाल्यानंही नाही. दुखापत झाली हेही खरं. पण दुखापत हा धोक्याचा पुरावा आहे, कलाहीनतेचा नव्हे. पाठ धरली म्हणून बुमराहच्या गोलंदाजीला कोणी दांडगाई म्हणालं का? आणि सिद्धार्थ संपलाही नाही. १ मार्च २०२४ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं प्रो कबड्डीचा अंतिम सामना २८-२५ असा जिंकला, तेव्हा समोरच्या हरियाणा स्टीलर्सच्या संघात तो होता.

प्रतिपक्षाची नजर फसते त्याचं एक साधं कारण मला दिसतं. आपण हे मोजतच नाही. गुणपत्रकात चढाईचे गुण लिहिताना बोनस वेगळा, बाकी सगळा स्पर्श. बोटाच्या टोकानं टिपलेला गडी आणि तीन जणांना अंगावर घेऊन मिळवलेला गडी, दोन्ही एकाच खात्यात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून थेट गर्दीत घुसणारा असाच एक गडी असतो. अलाबामा विद्यापीठाच्या डेरिक हेन्रीनं २०१५च्या हंगामात असे २,२१९ यार्ड काढले आणि तिथला मानाचा हाइझमन करंडक नेला. धिप्पाड म्हणून नाक मुरडणारे तिथेही निघतात. पण पहिला धक्का बसल्यानंतर गड्यानं किती यार्ड काढले, हे तिकडे वेगळं मोजतात. त्यामुळे वाद निदान आकड्यांवर होतो.

आमच्याकडे वाद शेऱ्यावर संपतो आणि त्याची किंमत पोरं मोजतात. भरल्या अंगाचा मुलगा सरावाला आला की दुसऱ्याच दिवशी त्याला कोपऱ्यात उभं करतात : ‘तू पकड शीक, चढाई बारक्यांना करू दे.’ त्याची कंबर कशी वळते, पडताना हात कुठे जातो, हे कोणी पाहिलेलंच नसतं. कोपरारक्षण कमी प्रतीचं, असं मी म्हणत नाही. निवड न पाहता होते, एवढंच म्हणतो. मग दहा मिनिटं उरली असताना, दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या निर्णायक चढाईला, समोर सातही गडी उभे असताना, त्याच संघाचा कर्णधार इकडेतिकडे शोधत असतो. कोणाला? बारक्याला? नाही. त्याला हवा असतो पकडीत सापडूनही परत येणारा माणूस.

न्याय वाचकांनी करावा. मी तूर्त एवढंच केलं आहे की सरावाच्या वहीत एक जास्तीचा रकाना आखला : ‘धरल्यानंतर’. मागच्या ओळीतल्या एका आजोबांनी परवा ती वही मागून घेतली, चष्मा वर करून रकाना पाहिला आणि विचारलं, ‘ह्यात त्या रेड्याचं नाव किती वेळा आलंय?’ मी वही त्यांच्याच हातात ठेवली. ते अजून मोजताहेत.