लहरींची किल्ली कुणाच्या पदराला?

धान्याच्या कोठीची, दागिन्यांच्या डब्याची, कपाटाची किल्ली घरात कुणाकडे असते, हे आपल्याला न विचारता ठाऊक असतं. आता घराला आणखी एक कुलूप आलं आहे. ते म्हणजे वायफायचा पासवर्ड. तो कुणाकडे असतो? बहुतेक घरांत मुलाकडे, नाहीतर मालकांकडे, नाहीतर बसवून गेलेल्या माणसाकडेच. म्हणून आज आम्ही या बिनतारी कुलपाचा इतिहास सांगणार आहोत. घरातल्या हवेतून काय यावं आणि त्याला परवानगी कुणी द्यावी, हा प्रश्न आजचा नाही.

सुरुवात आपल्याच देशात झाली, असं म्हटलं तरी चालेल. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग केला. मध्ये तार नाही, दोरी नाही, आणि भिंतीपलीकडची घंटा त्यांनी वाजवून दाखवली. न दिसणाऱ्या लहरी भिंत ओलांडून गेल्या होत्या. आज आपल्या घरातला वायफायचा डबा, म्हणजे राऊटर, अशाच लहरींवर चालतो.

पण लहर भिंत ओलांडते म्हटल्यावर सरकारला काळजी वाटणारच. इंग्रजांनी १८८५ सालीच तारायंत्राचा कायदा करून ठेवला होता. पुढे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. एका खासगी कंपनीचं ते केंद्र. रेडिओ ऐकायचा तर वर्षाला १० रुपये भरून परवाना काढावा लागे. त्या काळचे १० रुपये म्हणजे गरिबाच्या घरात काही दिवसांची चूल. त्यामुळे रेडिओ आधी बंगल्यांत आला, वस्तीत नाही.

१९३३ साली बिनतारी यंत्रांसाठी वेगळा कायदा झाला. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरला. पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर २५० रुपयांपर्यंत. या कायद्यात एक कलम आपण लक्षात ठेवण्याजोगं आहे. ज्या जागेवर ज्याचा ताबा, तिथलं यंत्र त्याचंच, असं कोर्टाला धरता येत असे. म्हणजे लहर कुणाची, तर घर ज्याच्या ताब्यात त्याची. घर कुणाच्या ताब्यात असायचं, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. गारखेडा हे औरंगाबाद शहराबाहेरचं एक खेडं होतं. आज ते शहराच्या पोटात आहे आणि शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे. पण त्या काळातही इथे बिनतारी लहरी होत्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या हद्दीत पाच रेडिओ केंद्रं होती: हैदराबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा आणि आपलं औरंगाबाद. लहरी दारावरून जात होत्या. पण त्या घरात घ्यायच्या तर यंत्र हवं, आणि यंत्राला पैसा हवा.

ऐकण्यालाच एवढी बंधनं, तर बोलण्याचं विचारायलाच नको. तरीही एक मुलगी बोलली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंदी आली. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते यंत्र या घरातून त्या घरात हलवत राहिले. २७ ऑगस्टला सुरू झालेला तो रेडिओ १२ नोव्हेंबरला पकडला गेला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. परवानगी न मागता घरातून लहर सोडण्याची किंमत तेव्हा ही होती.

स्वातंत्र्य आलं, पण कायदा तोच राहिला. ट्रान्झिस्टर आले, रेडिओ खेड्यापाड्यांत पोचला, तरी परवाना सुटला नाही. पोस्टात जाऊन वर्षाला १५ रुपये भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यायचं. तुमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना ते पुस्तक आठवत असेल. त्यावर नाव बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचं असे, मग दिवसभर चुलीजवळ रेडिओ ऐकणारी कुणीही असो. हा परवाना १९८० च्या दशकात बंद झाला.

त्यानंतर मोठं पाऊल पडलं ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. क्रिकेटचे सामने टीव्हीवर कुणी दाखवायचे, या वादात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, म्हणजे आपल्या मराठी माणसाचं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्यायालयाने सांगितलं. गावच्या विहिरीवर जसा एकट्याचा हक्क नसतो, तसाच लहरींवरही नसतो. पुढे २००६ साली संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली, त्याचं बळ या निकालात आहे. बायका आज गावच्या रेडिओवर बोलतात, त्या याच वाटेने आल्या.

आणि वायफाय? १९९७ साली जगभरच्या अभियंत्यांनी त्याचे नियम ठरवले. वायफाय हे नाव १९९९ चं. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा केला. म्हणून आज राऊटर लावायला कुणी पोस्टात जात नाही. १८८५ आणि १९३३ चे ते दोन्ही जुने कायदे रद्द करणारा नवा दूरसंचार कायदा २०२३ साली झाला.

म्हणजे सरकारी कुलूप निघालं. उरलं ते घरातलं. ते आपल्याला उघडता यावं, म्हणून आता कामाचं बोलू.

राऊटर कुठे ठेवायचा? वायफायच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. रेडिओच्या लहरी याहून खूप लांब असतात, त्या दूरवर जातात. ही आखूड लहर दोन-तीन भिंतींतच दमते. आपल्याकडच्या जाड दगडी भिंतीत ती अडते, पत्र्यावरून मागे फिरते, पाण्याच्या टाकीत जिरते. म्हणून राऊटर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे नको. राऊटरवर २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसली, तर लांबच्या खोलीसाठी २.४ घ्या. ५ वेगवान असतं, पण जवळच चालतं. वीज गेली की राऊटरही बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्यावर जोडून घ्या.

पासवर्ड दोन असतात. एक फोन जोडायचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा राऊटरच्या आतल्या सेटिंगचा. तो ज्याच्या हाती, खरी किल्ली त्याच्या हाती. हे दोन्ही बहुधा राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेले असतात. बसवायला आलेल्या माणसाकडून ते समोर बसून बदलून घ्या, आणि नवे शब्द आपल्या वहीत लिहून ठेवा. घराचं नाव, मुलाचं नाव, मोबाइल नंबर असा सोपा पासवर्ड नको. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ‘गेस्ट’ म्हणून वेगळं नाव करता येतं का, तेही विचारा.

कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, हे आधी पाहा. कुणी गैरवापर केला, तर चौकशी पहिल्यांदा त्याच नावाकडे येते. १९३३ च्या कायद्यातली ताब्याची गोष्ट इथे पुन्हा आठवते. तुमच्या नावावर कनेक्शन असेल आणि पासवर्ड दुसऱ्याच्या खिशात, तर जबाबदारी तुमची आणि ताबा त्याचा. बचत गटाच्या कर्जाच्या कागदावर आपण न वाचता अंगठा देत नाही. इथेही देऊ नका.

ज्या गावात अजून कनेक्शन नाही, तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट हेसुद्धा घरातलं बिनतारी जाळंच आहे. त्यालाही नाव आणि पासवर्ड असतो. तो लावायला शिकलात, तर एका फोनवरच्या डेटात शेजारच्या दोघी गटाचा हिशोब पाठवू शकतात, मुलगी परीक्षेचा फॉर्म भरू शकते. नको तेव्हा बंदही करता येतो, आणि बंद करता येणं हाही ताबाच आहे.

उषाताईंच्या वेळी लहर हाती घेतली म्हणून तुरुंग होता. आज नुसतं विचारायचं आहे. तेव्हा पुढच्या गट बैठकीत हजेरी झाली की एकमेकींना विचारा: तुझ्या घरचा पासवर्ड तुला ठाऊक आहे का? आतल्या सेटिंगचा ठाऊक आहे का? ज्या ‘नाही’ म्हणतील, त्यांच्या घरी एकीने सोबत जा, राऊटर उलटा करून कागद वाचा, आणि दोन्ही पासवर्ड तिच्या वहीत उतरवून द्या.