ताम्रशोधातील उपग्रह दूरसंवेदन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : उपग्रहाला भूगर्भातील तांबे दिसत नाही, त्याला दिसतो तो खडकांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. तरीही ताम्रशोधात उपग्रह उपयुक्त ठरला, याचे कारण खनिज परिवर्तन होय. या पद्धतीच्या विकासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूशास्त्रीय पाया : पोर्फिरी प्रकारच्या ताम्रनिक्षेपांभोवती उष्ण, क्षारयुक्त पाण्यामुळे मूळ खडकातील खनिजे बदलतात. लोवेल व गिल्बर्ट यांनी १९७० मध्ये ॲरिझोनातील सॅन मॅन्युएल-कलामाझू निक्षेपाच्या आधारे या परिवर्तनाची वलये मांडली. गाभ्यात पोटॅशियमयुक्त खनिजे, त्याभोवती सेरिसाइट हे सूक्ष्मकणी अभ्रक, पुढे मृद्खनिजे आणि सर्वांत बाहेर क्लोराइट व एपिडोट, असा हा क्रम होय. साहजिकच निक्षेपापेक्षा त्याची खूण अधिक विस्तीर्ण असते.

साधनांचा विकास : जुलै १९७२ मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या प्रतिमांतील निरनिराळ्या तरंगपट्ट्यांची गुणोत्तरे काढून रोवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये नेवाडातील गोल्डफील्ड परिसराचे परिवर्तित खडक वेगळे दाखविले. मात्र हा संवेदक १.१ मायक्रोमीटरपलीकडे पाहू शकत नव्हता. त्यामुळे लोहाची ऑक्साइडे ओळखता येत, परंतु २.२ मायक्रोमीटरजवळ प्रकाश शोषणारी मृद्खनिजे निसटत. लोहाचा तांबूस थर तर साध्या अपक्षयानेही निर्माण होतो. म्हणूनच भूशास्त्रज्ञांच्या आग्रहावरून १९८२ च्या लँडसॅट-४ वरील थिमॅटिक मॅपरमध्ये २.०८ ते २.३५ मायक्रोमीटरचा पट्टा समाविष्ट झाला. तो उशिरा आल्यामुळे तरंगलांबीचा क्रम मोडून त्यास सातवा क्रमांक मिळाला. परंतु या एका पट्ट्यावरून सेरिसाइट व केओलिन यांतील भेद कळत नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या टेरा उपग्रहावरील जपानी ॲस्टर संवेदकाने लघुतरंग अवरक्त भागात सहा पट्टे दिले. त्यांच्या साहाय्याने मार्स व रोवन यांनी २००६ मध्ये इराणच्या झाग्रोस पट्ट्यातील सेरिसाइटयुक्त व मृद्खनिजयुक्त क्षेत्रांचे नकाशे प्रसिद्ध केले. एप्रिल २००८ पासून हे सहा पट्टे निकामी झाले. त्यानंतरही संशोधक जुन्याच प्रतिमांकडे वळत राहिले. पुढे प्रिझ्मा (२०१९) व एनमॅप (२०२२) या उपग्रहांनी दोनशेहून अधिक पट्टे उपलब्ध केले.

निष्कर्ष : हा इतिहास केवळ यंत्रांच्या प्रगतीचा नाही. जमिनीवर हिंडणाऱ्या भूशास्त्रज्ञाने विचारलेल्या प्रश्नांनी यंत्राची दृष्टी घडविली. परिवर्तित खडक म्हणजे ताम्रसाठा नव्हे. अनेक परिवर्तित क्षेत्रे धातुविहीन असतात, आणि दाट वनस्पतींखाली खूण झाकली जाते. त्यामुळे उपग्रह शोधाचे क्षेत्र मर्यादित करतो. अंतिम निर्णय मात्र क्षेत्रपाहणी, नमुन्यांचे पृथक्करण व वेधनानेच होतो.