कोविड-१९ मधील लसीका पेशीन्यूनता
रक्तातील लसीका पेशींची, म्हणजेच लिंफोसाइटची संख्या घटणे याला लसीका पेशीन्यूनता म्हणतात. या पांढऱ्या रक्तपेशी विषाणूबाधित पेशी नष्ट करतात व प्रतिपिंडे निर्माण करतात. प्रौढांमध्ये प्रति मायक्रोलिटर १,००० हून कमी संख्या न्यून मानली जाते.

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. या आजाराच्या गंभीर रुग्णांत लसीका पेशींपैकी टी-पेशी विशेष घटतात, तर न्यूट्रोफिल पेशी वाढतात. त्यामुळे न्यूट्रोफिल व लसीका पेशी यांचे वाढते गुणोत्तर तीव्रतेचे निदर्शक ठरते. प्रकृती सुधारताना लसीका पेशींची संख्या पुन्हा वाढू लागते.

साध्या रक्तगणनेतून हा बदल कळत असल्याने, मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या ठिकाणीही धोक्याची पूर्वसूचना मिळू शकते. मात्र एचआयव्ही संसर्ग, क्षयरोग व स्टेरॉइड औषधे यांमुळेही ही संख्या घटते. म्हणून केवळ तीवरून निदान केले जात नाही.