महाड नगरपालिका : एका ठरावाची वाटचाल

५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेच्या सभेत एक ठराव मंजूर झाला. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी वापरायला नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय. दिवाबत्ती, गटारे, रस्ते, पट्टीची थकबाकी यांवर ज्या सभेत एरवी खल व्हायचा, तिथे एवढी मोठी गोष्ट कागदावर आली. पुढची तेरा वर्षे हा एक ठराव गावाच्या, जिल्ह्याच्या आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या पुढ्यात राहिला. नगरपालिकेची वाटचाल सांगताना इमारती, योजना आणि अध्यक्षांच्या तसबिरी पुढे येतात. महाडच्या बाबतीत मला हा ठराव आधी सांगावासा वाटतो.

महाडची नगरपालिका १८६०च्या दशकातली. सावित्रीकाठचे हे गाव तेव्हा व्यापारावर नांदत होते. मुंबईहून येणाऱ्या बोटी दासगावला लागत, देशावरचा माल वरंध घाटाने उतरे. रायगड जवळ, त्यामुळे गावाला जुन्या वैभवाची आठवण आणि बाजारपेठेचा रोकडा व्यवहार, दोन्ही होते. नगरपालिकेत मत असायचे ते कर भरणाऱ्या मोजक्यांना. आजूबाजूच्या खेड्यांतले महार, चांभार बाजाराला, कचेरीला, कोर्टाला महाडात येत. गावच्या कारभारात त्यांना आवाज नव्हता आणि तहान लागली तरी तळ्याकडे जायची सोय नव्हती.

चवदार तळे चार-पाच एकरांचे. चहूबाजूंनी नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरे, काही थोडी मुसलमानांची. त्यात पावसाचे आणि भोवतालचे वाहून आलेले पाणी साठे. ते कोणा एका जातीने खणून घेतलेले खासगी तळे नव्हते, नगरपालिकेच्या मालकीचे होते. ही मालकीची गोष्ट पुढे कोर्टात कळीची ठरली. मालकी होती म्हणून तर त्याबाबत ठराव करण्याचा अधिकार नगरपालिकेला होता.

ठराव आपोआप आला नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात होते. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याचे कळवले. बहुतेक गावांच्या नगरपालिकांनी हा कागद दप्तरात घातला. महाडने निदान ठराव केला. याचे श्रेय त्या सभागृहाला दिलेच पाहिजे, आणि नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे गावात होती म्हणून ते घडले.

पण पुढे तीन वर्षे काहीच झाले नाही. तळ्यावर कोणी गेले नाही, नगरपालिकेने कोणाला बोलावले नाही, हक्क बजावणाऱ्याला संरक्षण देऊ असे कोणी म्हटले नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांना कायदेमंडळात पुन्हा ठराव आणावा लागला. पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांचे अनुदान बंद करा, अशी या वेळची मागणी होती. स्थानिक सभागृहांची नाडी बोल्यांनी बरोबर ओळखली होती. चांगला ठराव करून तो विसरून जाण्याची सवय आपल्या गावोगावच्या सभांना आजही आहे, आणि ती मोडायला बाहेरून रेटा लागतो.

तो रेटा दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी उभा केला. तेव्हा ते ऐन विशीत होते. कोकणातल्या अस्पृश्यांची परिषद महाडला भरवायची आणि डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून आणायचे, हा त्यांचा ध्यास. अनंतराव विनायक चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, टिपणीस असे सवर्ण साथीदार बरोबर होते. संभाजी तुकाराम गायकवाड, शिवराम गोपाळ जाधव यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरून वर्गणी आणि धान्य जमवत होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावे लागले आणि त्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर, ते सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि परिषदेच्या खर्चात पाण्याचे चाळीस रुपये. त्या तीन वर्षांत काय झाले आणि काय झाले नाही, ते या रकमेइतके स्पष्ट कशानेच कळत नाही.

परिषद रीतसर होती. अध्यक्षीय भाषण झाले, ठराव मांडले गेले, त्यांना अनुमोदन मिळाले. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शिकवा, गावकीच्या बंधनातून बाहेर पडा, असे आंबेडकरांनी लोकांना सांगितले. ते नुकतेच मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले होते. ठरावाची भाषा आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यांना पुरती ठाऊक होती. समारोपाच्या वेळी चित्र्यांनी मांडले की नगरपालिकेने तळे खुले केले आहे, तर तिथे जाऊनच परिषद संपवू. २० मार्चला हजारो माणसे शिस्तीने गावातून चालत गेली. आंबेडकरांनी तळ्यात उतरून ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग सगळ्यांनी घेतले. तीन वर्षे वहीत पडून असलेला ठराव त्या दिवशी पहिल्यांदा अमलात आला, आणि तो अमलात आणणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या नगरपालिकेच्या सभागृहात जागा नव्हती.

पुढे जे झाले ते गावाच्या इतिहासातले लाजिरवाणे पान आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली. जमावाने मंडपात जेवत असलेल्यांना आणि घराकडे निघालेल्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना लाठ्यांनी झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. मग तळ्याच्या शुद्धीकरणासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी पाण्यात रिकाम्या झाल्या. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षा झाल्या. ३ एप्रिलला आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले आणि महाडचा प्रश्न महाराष्ट्रभर गेला.

आता नगरपालिकेकडे पुन्हा वळू. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४चा ठराव रद्द केला. बोल्यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. मार दिलेल्यांना जाब विचारायचा की मार खाल्लेल्यांचा हक्क काढून घ्यायचा, हे दोन मार्ग सभागृहापुढे होते, आणि सभागृहाने दुसरा घेतला. रद्द करण्याचाही एक ठरावच असतो, त्यालाही सूचक लागतो, अनुमोदक लागतो, हात वर करणारे लागतात. नगरसेवकपदावर बसणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख माहीत करून घ्यावी असे मला वाटते. लोकांचा संताप पाहून कच खाणे हा स्थानिक सभागृहाचा सर्वांत जुना रोग आहे, आणि त्याची किंमत नेहमी सभागृहाबाहेरच्या माणसाला मोजावी लागते.

याला उत्तर म्हणून आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद बोलावली. १२ डिसेंबरला नरहरी दामोदर वैद्य आणि इतर सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई मिळवली. परिषदेला गावात जागा कोणी देईना; ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. मुंबईहून पद्मावती बोटीने मंडळी दासगावला उतरली आणि तिथून घोषणा देत चालत महाडला आली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दिवसाची सारी चर्चा या एका घटनेभोवती फिरते, ते स्वाभाविकही आहे. पण परिषदेतला पुढचा वाद मला तितकाच मोलाचा वाटतो. मनाई हुकूम मोडून तळ्यावर जायचे की थांबायचे, यावर दोन्ही बाजूंनी भाषणे झाली, सत्याग्रहाला तयार असलेल्यांची नावे लिहून घेतली गेली, कलेक्टरने मंडपात येऊन आपले म्हणणे मांडले आणि लोकांनी ते ऐकून घेतले. बहुतेकांची तयारी तुरुंगात जाण्याची होती. तरीही कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचा निर्णय आंबेडकरांनी मांडला आणि परिषदेने तो मानला. वाद घालावा, समोरच्याचे ऐकावे आणि झालेला निर्णय पाळावा, हे सभेचे सगळे गुण त्या मंडपात होते. महाडच्या नगरपालिकेने त्या वर्षी ते दाखवले नव्हते.

कोर्टाचे काम नऊ वर्षांहून अधिक काळ चालले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला, जानेवारी १९३३ मध्ये ठाण्याच्या कोर्टातले अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी अखेरचा निकाल दिला. १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश हेच. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. तळे खासगी असल्याचा दावा वादींना त्याआधीच सोडून द्यावा लागला होता. नगरपालिकेने जे दिले आणि काढून घेतले, ते कोर्टाच्या पायऱ्या चढून परत मिळवावे लागले.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. १९६५च्या नगरपरिषद कायद्याने सभांचे नियम घातले. १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपरिषदांमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रियांच्या राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला. महाराष्ट्रात स्त्रियांचे आरक्षण २०११ पासून निम्म्यावर गेले. नगराध्यक्षपदही आळीपाळीने राखीव असते. १९२७च्या परिषदेतल्या बायकांच्या नाती-पणत्या आज अशा सभागृहात हक्काने बसू शकतात.

एक उणीव मात्र तशीच आहे. खेड्यात ग्रामसभा असते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिथे उठून विचारू शकतो. गावाची नगरपालिका झाली की हा हक्क जातो. नगरपरिषदेच्या सभेत नागरिक फार तर प्रेक्षक असतो. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसून पाणी, रस्ते, दिवे यांबद्दल मागण्या ठरवाव्यात असा तिचा हेतू. ती कायद्याच्या पुस्तकात राहिली आहे. त्यात २०२२च्या सुमाराला राज्यातल्या दोनशेहून अधिक नगरपरिषदांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२५च्या निवडणुकांपर्यंत तिथे प्रशासक बसले. सभा न होता एका सहीने ठराव होत राहिले. महाडसारख्या गावाला, जिथे २०२१च्या जुलैत सावित्रीचे पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, पूररेषा, बांधकाम परवानग्या, नदीतला गाळ यांबद्दल लोकांनी एकत्र बसून बोलण्याची किती गरज आहे, हे वेगळे सांगायला नको. सभेत नगरसेवकाने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात उतरतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. रस्त्यावर विचारलेला प्रश्न हवेत विरतो.

दरवर्षी मार्चमध्ये राज्यभरातून लोक चवदार तळ्यावर येतात. एसटीने, टेम्पोने, निळे झेंडे लावलेल्या गाड्यांनी. पुस्तकांचे स्टॉल लागतात, शाहिरी जलसे होतात. गावातल्या क्रांतिस्तंभाजवळ २५ डिसेंबरलाही, मनुस्मृतिदहनाच्या दिवशी, गर्दी असते. या दिवसांत स्वच्छता, वाहतूक, पाणी यांची व्यवस्था नगरपरिषदेला आणि प्रशासनाला पाहावी लागते. आलेल्या प्रत्येकाला प्यायला पाणी मिळाले पाहिजे ही आता तिची जबाबदारी आहे, आणि ती तिने मनापासून पार पाडावी.

मार्च २०२७ मध्ये परिषदेला शंभर वर्षे होतात. रोषणाई, कमानी, पाहुण्यांची भाषणे हे सगळे होईलच. महाडच्या नव्या सभागृहाकडे माझी मागणी वेगळी आहे. १९२३ ते १९३७ या काळातल्या सभांची जी इतिवृत्ते आणि ठराववह्या हाती असतील, त्या नीट संपादून छापाव्यात. ५ जानेवारी १९२४चा ठराव आणि ४ ऑगस्ट १९२७ला तो रद्द केल्याचा ठराव, दोन्ही शेजारी शेजारी सभागृहाच्या भिंतीवर लावावेत. एक लावून दुसरा झाकू नये. आणि शताब्दीच्या वर्षात महाडच्या प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा घ्यावी, सात दिवस आधी दवंडी आणि नोटीस देऊन, संध्याकाळच्या वेळी, म्हणजे कामावरून परतलेली माणसे आणि स्वयंपाक उरकलेल्या बायका येऊ शकतील. पहिला विषय पाणीपुरवठ्याचा ठेवावा.