फटफटीची काजळी

दिवाळीची आवराआवर चालली होती. माळ्यावरून आजीचा जुना कंदील खाली आला, आणि त्याची काच पुसता पुसता आजीचा आवाज कानात घुमू लागला. अभ्यासाला बसताना मी वात जरा वर सरकवली, की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, वात उतरव! काच काळी करशील."

लहानपणी मला याचे मोठे कोडे वाटे. वात वाढवली, तेल जास्त जळले, तर उजेडही वाढायला हवा. मग धूर का व्हावा? याचे उत्तर मला विद्यार्थी असताना मिळाले नाही आणि मास्तर झाल्यावरही मिळाले नाही. ते मिळाले आमच्या बाबांच्या फटफटीच्या पोटात. आणि त्याची जी किंमत मोजावी लागली असती, तिची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो.

मी मराठी शिकवणारा, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. यंत्रांशी माझी ओळख दहावीच्या विज्ञानापुरती. तरीही त्या वर्षी दसऱ्याच्या पूजेआधी गाडी साफ करण्याची मला लहर आली. कार्ब्युरेटर उघडला. आत पितळेची एक इवलीशी तोटी होती. तिचे भोक बुजल्यासारखे दिसले. आईच्या डब्यातली शिवणाची सुई घेतली, भोकात घातली आणि चांगली फिरवली. गाडी सुरू झाली. आवाज भरदार, मागून काळा धूर. मी बाबांना म्हटले, "पाहिलंत, काय ताकद आली!" बाबाही खूश झाले. पेट्रोल लवकर संपू लागले, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

पाडव्याची पहाट उजाडली. नागपूरला दिवाळीत गारठा पडू लागतो. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून बाबांनी पत्र्याच्या खोलीचे दार लोटून घेतले, गाडी सुरू केली आणि ती पुसत तिथेच बसले. दहा-पंधरा मिनिटांनी आई चहा घेऊन गेली, तो बाबा भिंतीला टेकलेले, डोके दोन्ही हातांनी धरलेले. उलटी झाली. त्यांना अंगणात आणले. घरात सर्वांनी आदल्या दिवशीच्या चिवड्याला दोष दिला. दवाखान्यात मात्र डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बंद खोलीत काही जळत होतं का?" बाबांना प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत ते सावरले. मी मात्र सावरलो नाही. त्या दिवसापासून या कार्ब्युरेटर नावाच्या वस्तूचा इतिहास धुंडाळू लागलो.

पातळ पेट्रोल तसे जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळते, ती जळते. आणि तिचे प्रमाण ठरलेले आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास १४.७ किलो हवा लागते. मापाने सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! इंजिन पेट्रोल पिते असे आपण म्हणतो. खरे पाहता ते हवाच पिते, पेट्रोल तोंडी लावण्यापुरते. हे तोंडी लावणे नेमके वाढणारा वाढपी म्हणजे कार्ब्युरेटर.

१८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची जी दुचाकी बनवली, ती पेट्रोलवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल मानली जाते. त्या काळी साठवलेल्या पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत आणि ती जी वाफ उचलील तेवढी इंजिनाला देत. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने आपल्या मोटारींसाठी चक्क वाती वापरल्या. वातींनी पेट्रोल वर शोषावे आणि त्यांवरून जाणाऱ्या हवेने ते वाहून न्यावे. हे वाचले तेव्हा मी थबकलोच. आजीचा कंदील आणि फटफटी एकाच कुळातली निघाली!

पण वातीच्या भरवशावर धावत्या गाडीचे भागेना. १८९३ साली दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी नवी युक्ती निघाली. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि जर्मनीत मायबाखने, पेट्रोल बारीक तोटीतून फवारण्याची रीत काढली. बुडापेस्टची एक आख्यायिका सांगतात. रस्त्यावरची फुलवाली नळीतून फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून ही कल्पना सुचली म्हणे. आपल्याकडे इस्त्रीवाला तोंडात पाणी घेऊन कपड्यांवर फवारा मारीत असे, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही आख्यायिका खरी वाटावयास हरकत नाही. चिंचोळ्या वाटेतून जाताना वारा वेग घेतो आणि तिथला दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंतुरीने १७९७ मध्येच लिहून ठेवले होते. त्याच उतरलेल्या दाबाने पेट्रोल तोटीतून वर ओढले जाते. पंप नाही, वीज नाही. नुसता वारा आणि एक भोक.

हेच तंत्र पुढे आपल्या देशात आले. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटचा कारखाना उभा राहिला, १९६१ पासून म्हैसूरला जावा निघू लागली, आणि पुण्याकडच्या बजाज स्कूटरी घराघरात पोहोचल्या. गाड्या निरनिराळ्या, पण प्रत्येकीच्या पोटात तीच पितळी तोटी आणि तोच वारा. आणि गल्लोगल्ली त्या तोटीची नाडी पाहणारा मिस्त्री.

तशाच एका मिस्त्रीकडे, कॉटन मार्केटच्या बाजूला, मी गाडी ढकलत नेली.

"काहून जी गुरुजी, लय पेट्रोल पिऊन राह्यली का?" त्याने धुराचा वास घेऊनच विचारले.

त्याने आधी प्लग काढला. प्लगचे टोक फिक्या कॉफीच्या रंगाचे असावे. आमचे काजळाच्या डबीसारखे होते. मग त्याने क्रमाने तपासणी केली. चोक अडकून तर राहिला नाही? नाही. हवेची जाळी धुळीने बुजली आहे का? त्याने ती काढून गाडी चालवून पाहिली. गाडी थोडी सुधारली. "हवा वाढली तं बरं वाटते तिले. म्हणजे मिक्श्चर रिचच आहे. पण जाळी तं साफ आहे." मग फ्लोट पाहिला. तो भोक पडून बुडाला, किंवा त्याची पिन नीट बसली नाही, तर पेट्रोलची पातळी वाढते. तेही ठीक होते. मग लांब सुईवरची चिप पाहिली. ती खालच्या खाचेत बसवली, तर सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त सुटते. चिप मधल्याच खाचेत होती.

"गाडी स्लोवर बरी, आणि ॲक्सिलेटर पुरा दिला का काळा धूर. हो ना?" मी मान हलवली. त्याने मुख्य जेट बाहेर काढला, उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, याच्यात तार घातली का कोनी?"

मी सुईची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. "पितळ नरम असते जी. याच्यात फुंकर मारायची, सुई नाही घालायची." जेटवर कोरलेला आकडा तोच होता, भोक मात्र दुसरेच झाले होते. त्याने नवा जेट बसवला, आणि गाडीचा धूर गेला.

रिच म्हणजे श्रीमंत, असे मी वर्गात शिकवतो. पण या श्रीमंतीत हवा पुरत नाही, आणि पेट्रोल अर्धवट जळते. त्यातून काजळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा हवा विरळ होते आणि नीट बसवलेली गाडीही थोडी या बाजूला झुकते. अकराशे मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला चढून गेलात, तर तिथेही तेच. पेट्रोल तेवढेच आणि हवा कमी.

हा धूर मोजणारी संस्थाही आमच्याच नागपुरात आहे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी ती स्थापन झाली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७८ पासून तिने देशातल्या मोठ्या शहरांतील हवेची मोजणी हाती घेतली. पुढे १९८९ च्या मोटार नियमांनी, उभ्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांहून अधिक नसावा, असे बंधन घातले. २००० नंतरच्या गाड्यांसाठी ते साडेतीनवर आले. ज्या पीयूसीच्या कागदाला आपण नुसता सोपस्कार समजतो, त्याच्यामागे हा आकडा उभा आहे. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हा बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटरची गच्छंती झाली. त्याच्या जागी पेट्रोलचा हिशेब ठेवणारा छोटा संगणक आला. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि घराघरांत सुयाही आहेत.

त्या रात्री मी बाबांना सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझी एकट्याची चूक नाही. आवाज ऐकून मीही खूशच झालो होतो ना!"

तो बिघडलेला जेट माझ्या टेबलाच्या खणात आहे. दरवर्षी दहावीच्या वर्गात मी तो मुलांच्या हाती देतो आणि भोकातून उजेडाकडे पाहायला सांगतो. पत्र्याच्या खोलीचे दार आता गाडी सुरू करण्याआधी सताड उघडले जाते. आणि बाबा गाडी अंगणात आणल्याशिवाय किक मारीत नाहीत.

यंदा कंदील लावला, तेव्हा माझ्या मुलीने हौसेने वात वर सरकवली. काचेवर काळी रेघ उमटू लागली. "वात उतरव," मी म्हटले. तिने वात उतरवली. धूर गेला, आणि उजेड वाढला.