बोलावणारा दिवा, दाखवणारा दिवा



कापडाच्या दुकानात साडी पसंत पडली की आपल्यातल्या बहुतेक जणी काय करतात? पदर हातात घेऊन दारापाशी येतात आणि म्हणतात, "जरा उजेडात बघू द्या." आत दहा ट्यूबलाइट जळत असतात, तरीही. दुकानदार त्यावर रागावत नाही. आत एक रंग दिसतो आणि बाहेर दुसरा, हे त्यालाही ठाऊक असतं.

मग दुकानात एवढे दिवे लावतात तरी कशाला? आजच्या भागात आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत. दुकानातला दिवा दोन कामं करतो. एक, लांबून गिऱ्हाईक बोलावतो. दोन, जवळ आलेल्या गिऱ्हाइकाला माल दाखवतो. ही दोन कामं वेगळी आहेत. गेल्या तीनशे वर्षांत ज्यांनी दुकानं थाटली त्यांचे पैसे कुठे वाया गेले आणि कुठे कामी आले, हे त्या दोन कामांतल्या फरकावरून कळतं. यंदा ज्या गटांनी जत्रेत किंवा प्रदर्शनात स्टॉल लावायचं ठरवलं आहे, त्यांनी हे नीट ऐकावं.

आधी दिवा नव्हता तेव्हाचं पाहू. आपला आठवड्याचा बाजार सूर्याच्या घड्याळावर चालायचा. दिवेलागण झाली की पाट्या आवरायच्या. उरलासुरला भाजीपाला मिळेल त्या भावात देऊन टाकायचा, कारण अंधारात कोण घेणार आणि घरी परत कसं नेणार? दिव्याला तेल लागे, आणि तेल म्हणजे पैसा. ज्याच्याकडे उजेड, त्याला विकायला चार तास जास्त मिळत. ज्याच्याकडे नाही, त्याचा भाव पडे. दुकानात सांजवात लावली की दुकानदार हात जोडतो आणि समोरचं गिऱ्हाईकही जोडतं. ही रीत आजही आहे. धंदा उजेडावर चालतो, हे त्या रीतीत धरलेलंच आहे.

आता थोडं लांब, इंग्लंडात जाऊ. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट लिहिणारा डॅनियल डिफो मूळचा व्यापारी. धंद्यात तो बुडालाही होता. पुढे त्यानं व्यापाऱ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारं एक पुस्तक लिहिलं. त्यात १७१० सालच्या लंडनमधल्या एका मिठाईवाल्याच्या दुकानाचा हिशोब दिला आहे. मोठमोठे आरसे, मेणबत्त्यांची झुंबरं, काचेचे तीन मोठे कंदील आणि आठ लहान, भिंतीवर पंचवीस दिवाळगिऱ्या, शिवाय चांदीचे शमादान. दुकान सजवायला खर्च आला तीनशे पौंडांच्या वर. आणि दुकानात एका वेळी लागणारा माल केवढा? वीस पौंडांचा. डिफोचं म्हणणं सरळ होतं. भांडवलाचा मोठा हिस्सा झगमगाटात घातला तर माल घ्यायला पैसा उरत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा हा हिशोब आपल्या गटाच्या वहीत आजही लिहून ठेवावा असा आहे.

मेणबत्तीनंतर आला गॅसचा दिवा. कोळसा बंद भट्टीत तापवून निघणारा गॅस नळानं आणून जाळायचा. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ मध्ये असे दिवे लावून दाखवले आणि १८१२ मध्ये तिथे गॅस पुरवणारी कंपनी उभी राहिली. मग दुकानांच्या काचेच्या खिडक्या रात्रीही उजळू लागल्या. आपल्या मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे आले १८६५ मध्ये. तेव्हा दिवे लावत जाणाऱ्या माणसामागे बघ्यांची गर्दी रस्त्यारस्त्यानं फिरत असे. नवा दिवा असा बोलावतो! पण बंद दुकानात गॅसनं हवा तापायची, छत काळं पडायचं, कापडावर काजळी बसायची आणि आगीची धास्ती असायची ती वेगळीच.

म्हणून विजेचा दिवा आल्याबरोबर मोठ्या दुकानांनी तो उचलला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात जॉन वॅनामेकर यांच्या भव्य दुकानात १८७८ मध्ये विजेचे दिवे लागले. ते आजच्यासारखे बल्ब नव्हते. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवायची, तिचा डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये बांधून झाली होती. १८८२ मध्ये तिथे विजेचे दिवे आले. वीज लागलेली भारतातली पहिली इमारत म्हणून तिचं नाव घेतात. बघा, तो मान राजवाड्याला नाही मिळाला, भाजी-फळांच्या मंडईला मिळाला.

मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांनी मात्र उजेडाचं वेगळंच गणित बसवलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा, दोन्ही बाजूंना उघडी दारं आणि भिंतींवर मोठे आरसे. दिवसाचा उजेड फुकट आत यायचा आणि आरशांमुळे दुप्पट वाटायचा. शिवाय गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सगळी टेबलं दिसायची. एक पैशाची वीज न जाळताही जागा उजळ करता येते, हा त्यातला धडा.

खेड्यात वीज पोचायला पुढे कित्येक दशकं लागली. मधला काळ काढला रॉकेलनं. कंदील, चिमणी आणि गॅसबत्ती! कराडजवळच्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील किती घरांत आणि किती दुकानांत टांगलेला होता, ते तुमच्या आजीला विचारा. कारखान्यावरून त्या गावाचं नावच ओगलेवाडी पडलं.

गॅसबत्तीची युक्ती मोठी गमतीची. ऑस्ट्रियाच्या आउअर नावाच्या शास्त्रज्ञानं १८८५ च्या सुमारास ती शोधली. सुती जाळी काही खास क्षारांत भिजवायची. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि राखेची नाजूक जाळी उरते. तीच तापून पांढरी लखलखते. बर्लिनच्या कारखानदारांनी त्याला रॉकेलची टाकी आणि हवा भरायचा पंप जोडला. तोच आपला पेट्रोमॅक्स. जत्रेत, तमाशाच्या फडात, लग्नाच्या वरातीत आणि मिठाईच्या पालावर तो सूं-सूं करत जळायचा. ज्या पालावर गॅसबत्ती तिथे गर्दी, आणि शेजारी चिमणीच्या उजेडात बसलेल्या बाईची पाटी तशीच भरलेली. गॅसबत्ती भाड्यानं मिळायची, पण भाडं द्यायला आधी गाठीला पैसा लागायचा.

इथवरच्या गोष्टीत एक धागा तुमच्या लक्षात आला असेल. नवा दिवा आला की आधी तो बोलावतो. लोक दिवाच बघायला येतात. पण सगळ्यांकडे तोच दिवा आला की त्याची हाक कुणाला ऐकू येत नाही. पॅरिसमध्ये जॉर्ज क्लॉद यांनी १९१० मध्ये निऑनच्या नळ्यांचा लालकेशरी उजेड लोकांना दाखवला. दोन वर्षांनी तिथल्या एका केशकर्तनालयावर निऑनची पाटी झळकली. पुढे जगभर हॉटेलांवर, थिएटरांवर, दुकानांवर अशा पाट्या आल्या. पण जिथे सगळा रस्ताच झगमगतो, तिथे एकट्या पाटीकडे कोण बघतं? बोलावण्याच्या शर्यतीला शेवट नसतो. ज्याच्याकडे जास्त पैसा, तो पुढे. त्या शर्यतीत आपण उतरायचं नाही.

आता साडीच्या कोड्याकडे वळू. वस्तूला रंग असतो म्हणजे काय? तिच्यावर पडलेल्या उजेडातले काही रंग ती परत पाठवते, ते आपल्याला दिसतात. उजेडातच एखादा रंग कमी असेल तर वस्तू तो परत कुठून देणार? जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा कमी असतो. म्हणून गडद निळा आणि काळा त्यात सारखेच दिसतात. ट्यूबलाइट १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. कमी विजेत भरपूर उजेड मिळाला, पण त्यात काही रंग जास्त आणि काही कमी. त्यामुळे साडी आत एक दिसते आणि दारात दुसरी. दारापाशी जाणारी बाई चिकित्सक नाही, ती शास्त्राला धरूनच वागते.

एलईडीचंही असंच आहे. निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये साधला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळं रसायन चढवलं की पांढरा उजेड मिळतो. आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेतून हे बल्ब घरोघर पोचले. वीज वाचते, यात शंका नाही. साठ वॅटच्या जुन्या बल्बचं काम नऊ वॅटचा एलईडी करतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिटांऐवजी दीड युनिटही जळत नाही. पण हलक्या, निळसर-पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो. आपलं लालभडक तिखट त्याखाली मलूल दिसतं. लोणच्याचा तवंग मातकट दिसतो. माल चांगला असून दिवा त्याला वाईट ठरवतो.

याच्या उलटही होतं. फळांवर, मांसावर लालसर दिवा सोडला की शिळा माल ताजा भासतो. चीनमध्ये डिसेंबर २०२३ पासून असा रंग चढवणारा दिवा शेतमालाच्या विक्रीत वापरायला बंदी आहे. कायदा करावा लागला, म्हणजे फसवणूक किती पसरली होती ते समजा. असा दिवा एकदा विकतो. घरी गेल्यावर पिशवी उघडली की गिऱ्हाईक तुटतं. मोठ्या शहरातल्या दुकानाला रोज नवं गिऱ्हाईक मिळतं. आपला बाजार ओळखीचा. इथे तुटलेलं गिऱ्हाईक सोबत चार जणींना घेऊन जातं.

मग गटानं काय करावं? आम्ही मोजक्या गोष्टी सांगतो.

बल्ब घेताना खोक्यावर दोन आकडे बघा. एकापुढे 'के' लिहिलेलं असतं. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. मसाले, लोणची, खाद्यपदार्थ, पितळी वस्तू यांना पिवळसर बरा. कापडाला चार हजारांच्या आसपासचा मधला बरा. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण. ऐंशीच्या खाली घेऊ नका, नव्वद मिळाला तर उत्तम.

दिवा मालावर पाडा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर नको. बल्ब उघडा लोंबत असेल तर डोळे दिपतात आणि बरणी काळी दिसते. पुढच्या बाजूला, वरून, पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या आडोशामागे लावा. पुठ्ठा बल्बला चिकटू देऊ नका. मागचा पडदा साधा, एकरंगी ठेवा, म्हणजे नजर मालावर थांबते.

हळद, तिखट, तेल यांचा रंग आणि चव जास्त वेळ उजेडात राहून उतरते. दाखवायला एक-एक पाकीट पुढे आणि बाकीचा साठा अंधारात खोक्यात.

खानावळ चालवणाऱ्या गटांसाठी आणखी एक. मंद दिवा माणसाला बसवून ठेवतो, लख्ख दिवा जेवून उठवतो. मोठ्या हॉटेलांना बसवून ठेवणं परवडतं. पाच टेबलांच्या खानावळीला उजेड हवा, आणि ताटातली भाजी स्वच्छ दिसायला हवी. स्वयंपाकघरातला दिवा बाहेर बसलेल्यांना दिसला तर त्याहून मोठी जाहिरात नाही.

मांडवातली वायर जोडायला जाणता माणूस बोलवा. उघडा जोड आणि कोरडं कापड शेजारी नको.

खर्च करताना डिफोचा मिठाईवाला आठवा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला एक माल आणावा. घरातला बल्ब, ट्यूब आणि दारातला उजेड, तिन्हींत तो ठेवून बघा. ज्या दिव्यात माल दारातल्या उजेडासारखा दिसेल, तो दिवा गटाच्या पैशातून घ्या. रंगीत माळांचे पैसे वाचले तर ते चांगल्या मिरचीत घाला.

झगमगाट बघून आलेलं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या झगमगाटाकडे जाईल. आपला माल नीट बघून घेऊन गेलेली बाई पुढच्या बाजारी नाव विचारत येते.